आमची वाटचाल : जुना रिपोर्ट नव्याच्या शेजारी

बेळगावात टिळकवाडीत एका खोलीत सुरू केलं तेव्हा आमचं काम एवढंच, लॅबवाल्यांना रिपोर्ट छापून देणारं सॉफ्टवेअर. मग खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या लहान लॅब आणि दवाखाने जोडले गेले आणि लक्षात आलं की रिपोर्ट एकदा पेशंटच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला की पुढच्या डॉक्टरला तो दिसेलच असं नाही, कारण आपल्याकडचा माणूस आज बेळगावात दाखवतो, नाहीतर मिरजेला, नाहीतर कोल्हापूरला.

म्हणून सगळे जुने आकडे एका स्क्रीनवर आणले. निपाणीकडचे एक काका, गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घ्यायचे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, आधी 0.7, मग 0.9, मग 1.2. दरवेळी लॅब वेगळी आणि दरवेळी नॉर्मल, कारण आकडा रेंजच्या आतच. तिन्ही एका ओळीत दिसल्यावर डॉक्टरांनी गोळ्या तिथंच बंद केल्या आणि किडनीच्या पुढच्या तपासण्या लावल्या. ते ऐकून आमच्या पोरांना जो हुरूप आला तो आजपर्यंत टिकून आहे.

हेच लाखो पेशंटवर केलं की काय होतं ते ब्रिटनमध्ये दिसतं. तिथं फॅमिली डॉक्टरांचे रेकॉर्ड 1987 पासून जमा होताहेत, आणि अशाच रेकॉर्डवरून 2007 साली क्यूरिस्क निघालं, पुढच्या 10 वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकचा धोका किती ते सांगणारं. 2008 च्या आवृत्तीत भारतीय वंशाचे लोक वेगळे धरले, पण ते तिकडं राहणारे. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या आपल्या माणसाला आपलाच डेटा पाहिजे.

आणि तो नीट भरलेला पाहिजे! नुसतं 'शुगर 160' लिहून काय कळणार, उपाशीपोटी 126 च्या वर म्हणजे डायबेटिसचा संशय, जेवल्यावर त्याच आकड्याचा अर्थ वेगळा. आमच्याकडे उपाशी की जेवून हे भरल्याशिवाय एंट्री पुढं जात नाही, लॅबवाले वैतागले तरी आम्ही हटलो नाही. नावांचा घोळ तर विचारू नका, कल्लाप्पा, कल्लप्पा, कुठं मराठीत कुठं कन्नडमध्ये, एकाच माणसाच्या तीन फायली. 2021 ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, त्यातला आभा, म्हणजे पेशंटच्या हेल्थ रेकॉर्डचा 14 आकडी ओळख नंबर, दोन्ही राज्यांत तोच, त्यामुळं जुळवणी बरीच सोपी झाली. पेशंटनं हो म्हटल्याशिवाय मात्र रेकॉर्ड आम्ही कुणाला दाखवत नाही.

आता चंदगडकडच्या दवाखान्यांशी बोलणी चाललीत, तिकडचे बरेच पेशंट बेळगावलाच येतात.