आमची वाटचाल : मिरजेतली एक कल्चर लॅब

1998 साली मिरजेत दहा बाय बाराच्या खोलीत लॅब सुरू केली. शुगर, लिपिड काही नाही, फक्त कल्चर, म्हणजे पू-लघवीतले जंतू प्लेटीत वाढवून ओळखायचे. त्या प्लेटींसाठी ओळखीच्या धनगराच्या मेंढीचं रक्त मणी घातलेल्या फ्लास्कमध्ये काढायचं आणि गुठळी होऊ नये म्हणून हलवत राहायचं. आगरचा, म्हणजे जंतू ज्यावर वाढतात त्या जेलीचा, फ्लास्क हाताला सोसेल इतका निवला की मगच रक्त घालायचं. घाई केली की प्लेटी चॉकलेटी. ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं रक्त फुकट मिळायचं, पण माणसाच्या रक्तात अँटिबायोटिक असू शकतं, म्हणून मी ते कधी वापरलं नाही.

2009 साली समोरच्या गल्लीत एक लॅब आली. सकाळी पू द्या, संध्याकाळी सेन्सिटिव्हिटीसकट (कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल त्यासकट) रिपोर्ट! ज्याने एकदा जरी प्लेट लावली आहे त्याला हे पटेल का? कॉलनी दिसायला 18 ते 24 तास, अँटिबायोटिकच्या डिस्क लावल्यावर त्यांच्याभोवतीचे जंतू न वाढलेले गोल, म्हणजे झोन, मोजायला आणखी 16 ते 18. पण तिथून डॉक्टरांना कट जात होता आणि मी तो देणार नव्हतो. दिवसाला पंचवीस सॅम्पल यायची, ती चारवर आली. इन्क्युबेटर रात्रभर 37 अंशांवर चालायचा आणि आत सहा प्लेटी. भाडं तीन महिने थकलं. हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा एकच सर्जन माझ्याकडे टिकून राहिले. त्यांच्या तीन ऑपरेशनच्या जखमा लागोपाठ चिघळल्या. पहिल्या दोघांचं कल्चर नातेवाइकांनी समोरच्या लॅबमधून करून घेतलं होतं, दोन्ही ‘नो ग्रोथ’, म्हणजे जंतू वाढलाच नाही. तिसऱ्याचा पू सरांनी माझ्याकडे पाठवला. ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतात त्यात) बारीक लाल काड्या. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की आगरवर फिकट कॉलनी, साधं न्यूट्रियंट आगर अख्खं हिरवं, आणि झाकण उचलताच द्राक्षांचा वास. आमच्या भागात तो वास कुणाला शिकवावा लागत नाही. ऑक्सिडेजची चाचणी दहा सेकंदांच्या आत जांभळी. जंतू ठरला, स्युडोमोनास. (ऑक्सिडेजला कॉलनी उचलायला नायक्रोमच्या तारेचा लूप वापरू नका, खोटा पॉझिटिव्ह येतो. काचेची कांडी घ्या.)

मी म्हटलं, “सर, थिएटर बघू द्या.” सिंक, सक्शन, ट्रे, सगळ्यांचे स्वॅब घेतले. जंतू निघाला तो जखमा धुवायच्या पातळ केलेल्या अँटिसेप्टिकच्या बाटलीत. बाटली कधी धुतलीच जात नव्हती, उरलेल्यावर नवं ओततच होते. जंतू मारायच्या औषधात जंतू! डिस्कचे झोन पुवातल्या जंतूशी जुळले. सरांनी त्याच दिवशी बाटली फेकली, ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या) बाटलीत रोज ताजं द्रावण सुरू केलं. चौथी जखम चिघळली नाही. सरांनी हे इतर डॉक्टरांना आपणहून सांगितलं आणि आमचा इन्क्युबेटर पुन्हा भरला.

पुढची वर्षं कामात गेली. आता मोठ्या शहरांत माल्डी-टॉफ मशीन कॉलनीवरून काही मिनिटांत जंतूचं नाव सांगतं. पण कॉलनी आधी वाढवावीच लागते.

नवीन डॉक्टरांना सांगतो, अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी सॅम्पल घ्या. स्वॅब दोन पाठवा, एक कल्चरला, एक ग्रॅम स्टेनला. लघवी दोन तासांत पोचणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, ब्लड कल्चरची बाटली मात्र चुकूनही नाही. आणि चिठ्ठीवर नुसतं ‘पू’ लिहू नका, कुठला ते लिहा. सर आजही स्वतःच्या हाताने लिहितात.