शिरदोनचा चिखल

ओहोटीची वेळ विचारूनच पणजीहून निघाले. शिरदोनला पोचले तेव्हा झुआरीच्या मुखाशी पाणी बरंच ओसरलं होतं. चिखलात वाकून एक मावशी कोयतीने तिसऱ्या काढत होत्या. तो काळा गाळ बघायलाच मी आले होते.

खालचा थर जुना, वरचा नवा, हे शाळेत घोकलेलं. इथे पाच मिनिटं उकिडवं बसलं की ते डळमळतं. खेकड्याच्या बिळाच्या तोंडाशी ओल्या चिखलाचा ढीग होता. तो खालून वर आलेला. काही समुद्री कृमी तर डोकं खाली करूनच राहतात, खोलातला गाळ गिळतात आणि विष्ठा पृष्ठभागावर टाकतात. मावशींनी उकरलेल्या एकाच ढेकळात करडा, झिजलेला शिंपला आणि कालचा वाटावा असा चकचकीत शिंपला शेजारी शेजारी होते. करडा उचलला तशा त्या म्हणाल्या, "मेल्ली ती, कित्याक जाय तुका?"

काय सांगणार! खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो, आणि बिळं करणारे जीव वरचा साधारण 10 सेंटिमीटर सतत ढवळत असतात. म्हणजे चिमूटभर गाळात हजारो वर्षांची कवचं मिसळलेली. कवचांत नोंदलेला पन्नास वर्षांचा दुष्काळ त्या ढवळण्यात पुसून जातो. एखादी जात अचानक नष्ट झाली, तरी तिची कवचं ढवळून वर येत राहतात आणि ती हळूहळू संपली असं वाटतं. इथून जवळच, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत फोरॅमिनिफेरा या एकपेशीय समुद्री जीवांच्या इवल्या कवचांवरून जुना मान्सून वाचतात. त्या कामाबद्दलचा माझा आदर या चिखलात दुणावला.

अरबी समुद्रात सुमारे 200 ते 1000 मीटर खोलीवर प्राणवायू जवळपास नसतोच. तिथे बिळं करणारे टिकत नाहीत, म्हणून पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर तळाला कागदासारखे पातळ थर अजून शाबूत आहेत. जिथे कुणाला जगता येत नाही, तिथलीच नोंद सर्वांत स्वच्छ. हे माझ्या मनाला फार लागतं.

भरती सुरू झाली. मावशी टोपली घेऊन निघाल्या. करडा शिंपला मी होता तिथेच ठेवला, पण तो आता चकचकीत शिंपल्याच्या वर आला होता आणि खड्ड्यात पाणी भरत होतं.