लेआउट एकदाच लिहायचा होता, तिसऱ्यांदा लिहितोय

माझ्या नोट्सच्या साइटच्या मागच्या अपडेटमध्ये "लेआउट (सगळ्या पेजेसचा सामाईक सांगाडा) झाला" असं लिहून मोकळा झालो होतो. कसला झाला!

साइट तीच, व्ह्यू (वेब पेजेस बांधायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) ३.५ वर, पेजेस चारच प्रकारची: यादी, एक नोट, टॅग्ज, सेटिंग्ज. पहिल्या फेरीत एकच बेसलेआउट कंपोनंट (परत परत वापरायचा पेजचा तुकडा) केला नि त्याला प्रॉप्स (बाहेरून द्यायचे पर्याय) जोडत गेलो, साइडबार दाखवायचा का, फूटर लपवायचा का, पेज रुंद हवं का, आणि बघता बघता नऊ प्रॉप्स झाले, टेम्प्लेटमध्ये व्ही-इफचं (अट खरी असेल तरच दाखव) नुसतं रान माजलं. एक पेज सरळ केलं की दुसरं वाकडं. शेवटी सगळे प्रॉप्स उडवून नाव दिलेले स्लॉट ठेवले. लेआउटने जागा द्यायची, तिथं काय बसणार ते पेजने बघायचं. छान वाटलं दोन दिवस.

मग घोळ दिसला. साइडबारमध्ये सगळ्या नोट्सची लांब यादी नि वर फिल्टरची चौकट आहे. टॅग्जवरून नोटवर गेलं की यादी टुणकन परत वर, फिल्टरमध्ये टाइप केलेलं गायब. पण नोटवरून नोटवर गेलं तर काहीच होत नव्हतं, त्यामुळे आधी वाटलं मलाच भास होतोय. ऑनमाउंटेडमध्ये (कंपोनंट पेजवर उभा राहिला की चालतं ते) कन्सोल लॉग टाकला तेव्हा कळलं की प्रत्येक पेज स्वतःच बेसलेआउट गुंडाळून येत होतं, म्हणजे पेज बदललं की लेआउटही त्याच्यासोबत मोडून नवा उभा राहणार. नोट ते नोट मध्ये राउटर (पत्त्यानुसार पेज दाखवणारा भाग) तोच कंपोनंट परत वापरतो, फक्त पॅराम (पत्त्यातला बदलता भाग) बदलतो, म्हणून तिथं वाचलो.

उपाय माहीत असलेलाच, नेस्टेड राउट्स, म्हणजे एका राउटच्या (पत्ता नि त्याचं पेज) आत दुसरे: लेआउट पालक राउट, त्याच्या आत राउटर-व्ह्यू, चालू पेज बसतं ती जागा. यादी जागची हलेना, झकास. पण आता पेज लेआउटला स्लॉटमधून काही देऊच शकत नाही, कारण ते राउटर-व्ह्यूच्या आत बसलंय! आणि मला साइडबारच्या तळाशी नोटसाठी मथळ्यांची अनुक्रमणिका हवी, टॅग्जसाठी सॉर्टिंगची बटणं. नाव दिलेले वेगवेगळे राउटर-व्ह्यू करून पाहिले, चालतात, पण पेजचे दोन तुकडे होतात नि दोघांना एकच डेटा द्यायला मध्ये स्टोअर (सामाईक डेटाची जागा) घालावं लागतं, एवढ्याशा बटणांसाठी कोण करणार ते.

मग टेलिपोर्ट घेतला, तो कंपोनंटचा तुकडा पेजवर दुसरीकडे नेऊन ठेवतो. साइडबारच्या तळाशी आयडी दिलेला रिकामा डिव्ह (एचटीएमएलचा डबा), पेज आपला तुकडा तिथं पाठवतं. लिंकवर क्लिक करत फिरलं की सगळं व्यवस्थित, रिफ्रेश मारलं की टेलिपोर्टचं टार्गेट सापडत नाही म्हणून वॉर्निंग. कारण पहिल्या रेंडरला मुलं आधी तयार होतात, लेआउटचा डिव्ह डॉक्युमेंटमध्ये नंतर येतो. ३.५ मध्ये टेलिपोर्टला डिफर (टार्गेट शोधायला जरा थांब) आलंय, तो एक शब्द लिहिला नि प्रश्न मिटला. अर्धी संध्याकाळ गेली होती त्यात.

सीएसएसचं (पेजच्या दिसण्याचं) थोडक्यात: नोटमध्ये कोडची लांब ओळ आली की पूर्ण पेज आडवं ताणलं जायचं, ग्रिडच्या कॉलमला १एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा) ऐवजी मिनमॅक्स(०, १एफआर) दिलं, कारण नुसत्या १एफआरची किमान रुंदी ऑटो, म्हणजे आतल्या मजकुरावर ठरणारी, असते. साइडबार स्टिकी (स्क्रोल करताना जागीच चिकटलेला) होईना, ग्रिड त्याला पूर्ण उंचीला ताणत होता, अलाइन-सेल्फ स्टार्ट दिल्यावर चिकटला.

राहिलं सेटिंग्ज. त्याला साइडबार नको म्हणून वेगळा पालक राउट आहे, आणि तिथून परत आलं की यादी पुन्हा वर. कीप-अलाइव्ह (कंपोनंट न मोडता बाजूला ठेवतं) लावला तर फिल्टरमधला मजकूर टिकला पण स्क्रोल शून्यावर, कारण तो भाग डॉममधून (ब्राउझरमधल्या पेजच्या रचनेतून) बाहेर निघतोच. ऑनडिअॅक्टिव्हेटेडमध्ये (तो भाग बाजूला ठेवल्यावर चालतं) स्क्रोलटॉप (किती खाली स्क्रोल झालंय तो आकडा) वाचायला गेलो तर तिथंही शून्य, तोवर उशीर झालेला असतो. आता ऑनबिफोरराउटलीव्हमध्ये (राउट सोडायच्या आधी) आकडा उचलून ठेवतोय नि ऑनअॅक्टिव्हेटेडमध्ये (परत आल्यावर) परत लावतोय. दोन-तीनदा नीट चाललंय.