मेलाती झाडावरच थांबली

मेलाती हे ओरांगउटानचं, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मोठ्या वानराचं, पिल्लू. अनाथ पिल्लांना जंगलासाठी तयार करणाऱ्या आमच्या केंद्रात ती आली ती कोंबड्यांच्या खुराड्यातून. बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात, मध्य कालिमांतानमध्ये, पाम तेलाच्या मळ्याला लागून असलेल्या एका घरात ती सापडली होती. दुधाच्या दातांवरून वय जेमतेम वर्षाचं, वजन चार किलोसुद्धा नाही. पोटात जंत, अंगावर बुरशी आणि एक्स-रेमध्ये खांद्यापाशी छऱ्याचा पांढरा ठिपका. ओरांगउटानची आई जिवात जीव असेपर्यंत पिल्लू सोडत नाही. त्यामुळे आईचं काय झालं असेल, हे तिथे कुणी विचारत नाही.

तो मळा मी नंतर पाहिला. जगात सर्वात जास्त पाम तेल आयात करणारा देश आपला. घरी चिवडा-फरसाण खाताना हे कधी मनातही आलं नव्हतं.

मी परळला शिकलेली पशुवैद्यक. गायी-म्हशी, कुत्री-मांजरं हाताळलेली. इथे मात्र आधी माझीच तपासणी झाली, क्षय आणि काविळीची. माणसाचे आजार यांना चटकन लागतात, साधी सर्दीही पिल्लाच्या जिवावर बेतू शकते. मास्क कायम तोंडावर.

पिल्लं खऱ्या अर्थानं वाढवतात त्या आसपासच्या गावांतल्या बायका. त्यांना सगळे 'इबु' म्हणतात. इबु म्हणजे आई, आणि मोठ्या बाईला मानानं हाक मारायची रीतही तीच. मेलाती हे नाव त्यांनीच ठेवलं. मेलाती म्हणजे आपला मोगरा.

विलगीकरणात ती माझ्या अंगावरून उतरायची नाही. ओरांगउटानचे पायही हातांसारखेच पकडतात. एक मूठ सोडवावी तर दुसरी कपड्यात रुतलेली. तिला दूध पाजताना उभं धरायचं, आडवं पाजलं तर दूध श्वासनलिकेत जायची भीती. जंगलात पिल्लू सहा-आठ वर्षं आईजवळ राहतं आणि आईचं पुढचं बाळंतपणही सात-आठ वर्षांनीच होतं. म्हणून एक आई गेली की ती उणीव भरून निघायला फार काळ लागतो. २०१६ मध्ये बोर्निओचा ओरांगउटान अतिसंकटग्रस्त ठरला, त्यात या संथ जननाचाही वाटा आहे.

अंगावरची बुरशी गेली आणि मेलाती 'सकोलाह हुतान'मध्ये, म्हणजे जंगलशाळेत जाऊ लागली. सकाळी चार-पाच पिल्लं ढकलगाडीत बसवून न्यायची, संध्याकाळी परत आणायची. तिथला एक नियम मला सगळ्यात जड गेला: जमिनीवरून पिल्लाला उचलायचं नाही. खाली साप, जंत आणि सर्वांत वाईट म्हणजे माणूस. खाली आलं की कुशी मिळते हे एकदा कळलं, की पिल्लू वर जातच नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी तो नियम मोडला. ती पाय धरून किंचाळत होती, मला बघवेना. पुढचे आठ दिवस ती झाडाला शिवली नाही. वयानं सगळ्यात मोठ्या इबु मला शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही उचललंत म्हणून ती खाली राहिली." त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती जवळ आली की मी हात पाठीमागे बांधून वळायचे.

खरं शिकवलं ते तिच्याहून मोठ्या एका नर पिल्लानं. तो साल सोलायचा, सडकं लाकूड फोडून वाळवी खायचा, फांद्या वाकवून बसायला घरटं करायचा. रानातले ओरांगउटान बहुधा रोज संध्याकाळी नवं घरटं बांधतात. आम्ही जमिनीवर पानं रचून दाखवायचो, ते तिला पटत नव्हतं. त्याचं बघून मात्र ती फांद्या मोडू लागली. पहिली घरटी बसताक्षणी निसटायची.

मग एका दुपारी मोठा पाऊस आला. एरवी पहिल्या थेंबाला ती ढकलगाडीत येऊन बसायची. त्या दिवशी अर्ध्या झाडापर्यंत उतरली, माझ्याकडे बघत थांबली. मी हात मागेच ठेवले. मग तिनं एक पानांची डहाळी मोडली, डोक्यावर धरली आणि परत वर गेली.

संध्याकाळी तिला खाली आणायला आम्हाला पाऊण तास लागला.