ते मशीन गरम झालं होतं

मी आधी सहा वर्षं पुण्यात तपकीर गल्लीत मोबाईल रिपेअरिंगच्या बेंचवर होते, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं, आणि आता एका छोट्या कंपनीत रिटर्न आणि क्वालिटी बघते. कंपनी मोठ्या माणसांच्या खाजगी वापराच्या वस्तू ऑनलाईन विकते, म्हणजे व्हायब्रेटर, मसाजर, लुब्रिकंट वगैरे. आईला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं, ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली पगार वेळेवर देतात ना. देतात.

गेल्या वर्षी श्रावणात, सोमवारी दुपारी, कस्टमर केअरच्या मुलाने माझ्याकडे फोन आणून दिला, म्हणाला ताई या बाई माझ्याशी बोलत नाहीयेत. मी हॅलो म्हणलं तर पलीकडून एकदम बारीक आवाजात, "बाईच बोलताय ना?" मी म्हणलं हो ताई, बोला. मग कळलं की त्यांनी आधी तीन वेळा फोन केला होता आणि तिन्ही वेळा पुरुषाचा आवाज ऐकून ठेवून दिला होता. त्या एका बँकेत नोकरीला, जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममधे जाऊन बोलत होत्या. (ओळख पटेल असं सगळं मी इथे बदललंय, जे घडलं ते मात्र बदललेलं नाही.)

"ते मशीन बंद पडलंय," एवढंच म्हणाल्या. वस्तूचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही, मीपण घेतलं नाही, आम्ही दोघी मशीनच म्हणत राहिलो.

बंद पडलंय म्हणल्यावर मी जे नेहमी विचारते ते विचारलं. बऱ्याच मशीनला ट्रॅव्हल लॉक असतं, बॅगेत आपोआप चालू होऊ नये म्हणून, बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की उघडतं, आणि बंद पडल्याच्या कितीतरी तक्रारी तेवढ्यावरच मिटतात. ते करून झालं, नाही. मग चार्जिंगच्या दोन पिना कोरड्या इअरबडने पुसायला सांगितल्या, कारण ही चुंबकाने चिकटणारी केबल असते आणि पिनांवर साबणाचा नाहीतर लुब्रिकंटचा थर बसला की करंट जात नाही. तेही त्यांनी आधीच करून बघितलं होतं. चार्जर कुठला विचारलं, जुन्या फोनचा, साधा ५ व्होल्टचा. म्हणजे तिथेही चूक नाही. मी म्हणलं बंद पडायच्या आधी काही वेगळं जाणवलं होतं का, तर म्हणाल्या, "शेवटी चार्जिंगला लावलं होतं तेव्हा गरम झालं होतं. हाताला चटका बसेल एवढं."

मी लिहीत होते ती थांबले. बंद पडणं वेगळं आणि गरम होणं वेगळं. आत लिथियमची बॅटरी असते, मोबाईलमधे असते तसलीच पण बोटाएवढी, आणि ही वस्तू माणूस शरीराला लावतो. मी सांगितलं ताई आता परत अजिबात चार्जिंगला लावू नका, कपड्यांच्या कपाटात ठेवली असेल तर बाहेर काढा आणि स्टीलच्या डब्यात ठेवा. त्या म्हणाल्या, "कपाटातच आहे. अजून कुठे ठेवणार?"

मग त्यांनी स्वतःहून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेला, रेडिएशन झालं. त्यानंतर आतली त्वचा आक्रसत जाते, कडक होते, मार्ग अरुंद होतो, इतका की पुढे डॉक्टरांना तपासणी करणंही अवघड जातं आणि बाईला असह्य दुखतं. म्हणून डायलेटर, म्हणजे मार्ग मोकळा राहावा म्हणून आत घालायची गुळगुळीत दांडी, वापरायला सांगतात, आठवड्यातून दोन-तीनदा, बराच काळ. यांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की व्हायब्रेशनवालं घेतलंत तरी चालेल. यांनी धीर करून मागवलं, दोन महिने नीट चाललं आणि मग हे. "तीन आठवडे झाले ताई, काहीच वापरलेलं नाही, परत घट्ट व्हायला लागलंय. दुसरं मागवायला पैसे आहेत, पण तेही असंच निघालं तर?"

मी त्यांची ऑर्डर उघडली तर आमच्याकडून गेलेला मेल दिसला. हायजीन प्रॉडक्ट, रिटर्न होत नाही. तीन ओळी, संपलं. म्हणजे फोन करायच्या आधी त्यांनी लिहूनही बघितलं होतं.

मला या मेलचा राग आला आणि अजून आहे. वापरलेली वस्तू परत घेऊन दुसऱ्याला विकायची नाही हे बरोबरच आहे, आम्ही विकत नाहीच. पण वस्तूत दोष असेल तर हायजीनचं कारण पुढे करता येत नाही. २०२० चे ई-कॉमर्सचे नियम सरळ सांगतात की सदोष माल परत घ्यायला नकार द्यायचा नाही, आणि तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाली काढायची. मिक्सरवाल्याला हे लागू होतं, आम्हालाही होतं. फरक एवढाच की मिक्सर बिघडला तर माणूस दुकानात जाऊन भांडतो, आणि इथे गप्प बसतो. कित्येक जणांना तर अजून वाटतं की असली वस्तू घेणं हाच गुन्हा आहे, पावती दाखवली तर आपल्यालाच धरतील. कायदा अश्लील वस्तूंबद्दल बोलतो, आणि २०२४ च्या मार्चमधे मुंबई हायकोर्टाने कस्टमने जप्त केलेल्या बॉडी मसाजरच्या केसमधे मसाजर म्हणजे बंदी असलेली अश्लील वस्तू हे म्हणणं मान्य केलं नाही. हे मी फोनवर सांगते लोकांना, त्यांचा आवाज बदलतो.

मी म्हणलं नवीन पीस पाठवते, दुसऱ्या मॉडेलचा, आणि जुना पिकअप करवते. त्यावर त्या एकदम घाबरल्या. आणि बरोबर होतं त्यांचं, कारण रिटर्न पिकअपमधे कुरिअरवाला दारात पाकीट उघडून फोटोशी वस्तू पडताळून बघतो, आणि घरी दार सासूबाई उघडतात. शिवाय गरम झालेली बॅटरी कुरिअरच्या गोणीत टाकणं मलाच पटत नव्हतं. मी विचारलं दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते ना, तुम्ही साताऱ्याला येऊ शकाल? त्या म्हणाल्या, कोण येणार आहे? म्हणलं मी.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले एका पीससाठी कुणी साताऱ्याला जातं का. मी म्हणलं मला तो पीस उघडून बघायचाय, आणि तो मिळायचा दुसरा रस्ता नाही. तिकिटाचे पैसे मी लावते. त्यांनी ते कंपनीच्याच खात्यातून दिले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

शनिवारी स्वारगेटवरून सकाळची एसटी धरली, खंबाटकीला धो धो पाऊस, स्टँडवर उतरले तर त्या आधीच येऊन थांबलेल्या. पंचेचाळीसच्या आसपासच्या, हिरव्या काठाची साडी, हातात कापडी पिशवी. स्टँडशेजारच्या हॉटेलात बसलो, त्यांना शनिवारचा उपास, म्हणून साबुदाण्याची खिचडी घेतली. पिशवीतून त्यांनी चार पुड्यांचा स्टीलचा डबा काढला आणि माझ्याकडे सरकवला, खालच्या पुड्यात मशीन, मऊ फडक्यात गुंडाळून. मी फडकं बाजूला करून बघितलं, फुगलेलं नव्हतं, गार होतं. नवीन मशीनचा खोका त्यांना दिला, कसं धुवायचं, पिना पूर्ण वाळल्याशिवाय केबल लावायची नाही, सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचं लुब्रिकंट लावायचं नाही, त्याने पृष्ठभाग खराब होऊ शकतो, पाण्याचं वापरायचं, हे सगळं सांगितलं. त्यांनी वही काढून लिहून घेतलं, बँकेतल्या माणसाच्या सुवाच्य अक्षरात. शेवटी म्हणाल्या, "मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असणार. जास्त वेळ वापरलं म्हणून." मी म्हणलं नाही ताई, आणि त्या खिडकीकडे बघत बसल्या. बिल त्यांनीच दिलं, मला देऊ दिलं नाही.

सोमवारी ऑफिसला येऊन ग्लोव्ह्ज घातले, अल्कोहोलने पुसलं आणि कटरने सिलिकॉन कापलं. लोक विचारतात रिपेअर का करून देत नाही. याचं उत्तर इथेच आहे, वरचं सिलिकॉन एकसंध ओतलेलं असतं, ते एकदा कापलं की परत पाणी आत जाणार नाही असं जोडता येत नाही. उघडतो ते फक्त कारण शोधायला. आणि कारण समोरच होतं. दोन्ही पिना जिथून आत बोर्डला जोडल्यात तिथे हिरवं साचलेलं. तपकीर गल्लीत पाण्यात पडलेले शेकड्याने मोबाईल बघितलेत, हा हिरवा रंग मी झोपेतही ओळखेन. धुताना पाणी आत गेलं, मग चार्जिंग लावल्यावर त्या ओल्या जागेवर ५ व्होल्ट आले, तांबं खात खात गेलं, जोड सैल झाला आणि तिथेच तापायला लागलं. पिनांच्या भोवती सीलचा गोंद भरलेला असतो, तो इथे नखाएवढापण नव्हता. आणि खोक्यावर छापलंय आयपीएक्स ७.

आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवलं तरी आत पाणी जाऊ नये. मग मी हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची पीव्हीसी पाईपचा मीटरभरापेक्षा थोडा उंच तुकडा आणला, खाली टोपी बसवली, पाणी भरलं आणि गोडाऊनमधून त्याच बॅचचे बारा नवे कोरे पीस आणून दोरीला नट बांधून एकेक करून तळाशी सोडले. अर्धा तास. काढले, पुसले, उघडले. सर माझ्या मागे उभे होते. पहिला कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्यात बोर्डवर थेंब. रात्री साडेआठपर्यंत बारापैकी पाच ओले निघाले. पाचव्यानंतर सरांनी काही न बोलता गोडाऊनवाल्याला फोन लावला आणि त्या बॅचची विक्री थांबवली, वेबसाईटवरून मॉडेल काढलं. सप्लायरशी त्यांचं नंतर बरंच वाजलं, तो म्हणे एवढ्या मालात एकसुद्धा तक्रार आली नाही, तुम्हीच पहिले.

हे वाक्य मला झोपू देईना. तक्रार आली नाही. म्हणून मी सरांना म्हणलं, त्या बॅचचा माल ज्यांना ज्यांना गेलाय त्या सगळ्यांना आपण मेसेज करायचा. मेसेज लिहायला मला अख्खी सकाळ लागली, कारण फोन घरात कुणाच्याही हातात असू शकतो. शेवटी असा केला, "आपल्या ऑर्डरमधील वस्तूच्या चार्जिंगमध्ये दोष आढळला आहे. कृपया चार्ज करू नका. बदलून देऊ. फक्त हो लिहून पाठवा." वस्तूचं नाव नाही, कंपनीचं खोक्यावर जे साधं नाव असतं तेच. फोनवर बोलायला बाई मिळेल हे खाली वेगळं लिहिलं.

चौसष्ट मेसेज गेले. पहिल्या दोन दिवसांत तेवीस हो आले. मी प्रत्येकाला विचारलं चालू आहे का बंद, त्यातल्या चौदा जणांचं आधीच बंद पडलेलं होतं, काहींचं तर पहिल्या महिन्यातच, आणि चौदापैकी एकानेही आम्हाला कळवलं नव्हतं. एका मुलाने लिहिलं, फेकून दिलं मॅडम, म्हणलं कुणाला सांगणार. एका बाईंनी नवऱ्याच्या फोनवरून हो पाठवलं आणि खाली नवऱ्याने स्वतः लिहिलं, दोन महिने आम्ही दोघं एकमेकांना विचारत होतो कुणाकडून बिघडलं.

साताऱ्याच्या ताईंचा पंधरा दिवसांनी एक मेसेज आला, नीट चालू आहे, तपासणीला जाऊन आले, एवढाच.

चौसष्टपैकी एकोणीस जणांचं अजून काहीच उत्तर नाही. त्यातल्या सात मेसेजवर तर डिलिव्हर झाल्याची खूणपण नाही, नंबर बदलले असतील. ते पीस कुठल्यातरी कपाटात कपड्यांखाली आहेत आणि कुणीतरी कधीतरी केबल लावून बघेल. मी दर पहिल्या सोमवारी तो मेसेज परत पाठवते.