तुम्ही विचारलंत म्हणून: थकल्यावर देवाशी काय बोलायचं?

"ताई, अंगणवाडी, शेत, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई... एवढ्यात प्रार्थना करावीशी तरी कशी वाटते तुम्हाला?" मीटिंगला, लग्नात, बसस्टँडवर मला हे कोणी ना कोणी विचारतंच.

खरं सांगू? नाही वाटत. आमचे हे सुरतला कामाला, त्यामुळे कपाशीची निंदणी, फवारणी आणि मजूर शोधत फिरणं माझ्याकडे. रात्री अंगणवाडीची माहिती मोबाईलमध्ये भरून झाली की डोळ्यांपुढे फक्त उशी असते. अशा वेळी आसन घालून, मन एकाग्र करून देवाला आळवणं माझ्याच्यानं होत नाही. म्हणून मी पाठ असलेलं म्हणते. लहानपणी अमळनेरला आजीच्या मांडीला मांडी लावून बसायचे, तेव्हा हरिपाठ नुसता ऐकून ऐकून पाठ झाला. 27 अभंग. पाठांतराला पोपटपंची म्हणणारे म्हणोत बापडे; डोकं चालायचं थांबलं तरी जीभ चालत राहते, हा माझा अनुभव आहे. आणि पहिलाच अभंग देवाच्या दारात क्षणभर उभं राहायला सांगतो. फुलं नकोत, समई नको. पाचव्या-सहाव्या अभंगाला बऱ्याचदा डोळा लागतो. त्याचा देवाला राग येत असेल असं मला वाटत नाही.

कधी तेवढंही होत नाही. मग एकच वाक्य: "देवबा, आज मी थकी गऊ." पुढे मागणं काही नाही. कापसाचा भाव, बोंडअळी, पावसाची ओढ, यातलं काहीच माझ्या हातात नाही. ते त्याच्याकडे सोपवायचं. सासूबाईंची कूस बदलणं माझ्याकडे राहतं.

देवाचं काम म्हणजे देवाचा आधार नव्हे, हेही सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई देवी बसते, सगळी भाऊबंदकी जमते, मला तो सण फार आवडतो. पण रोटांचा आणि पुरणाचा घाट घालता घालता बाया उभ्या उभ्या पेंगतात, आणि वर त्यांनाच विचारलं जातं, "कानबाईच्या पाया पडलीस का?"

थकल्याची लाज वाटणाऱ्यांना मी मुक्ताईची गोष्ट सांगते. मुक्ताईनगरजवळ कोथळीला तिचं स्थान आहे. 1297 मध्ये तापीकाठी विजेच्या कडकडाटात ती गुप्त झाली, अशी श्रद्धा. ताटीच्या अभंगांमागची कथा अशी, की लोकांच्या बोलण्याला विटून ज्ञानदेवांनी एकदा झोपडीची ताटी लावून घेतली, आणि ही धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांची समजूत घालत राहिली. ज्ञानदेवांनासुद्धा माणसं नकोशी झाली होती! आणि ताटी उघडावी म्हणून आकाशवाणी झाली नाही; घरचंच माणूस दाराशी आलं.

म्हणून मी देवबाला सांगून झालं की धुळ्याच्या नणंदेला फोन करते. "दोन दिवस येऊन आईजवळ थांबता का?" पूर्वी हे विचारताना जीभ अडखळायची. देवासमोर एकदा 'थकले' म्हणून टाकलं की माणसांसमोर म्हणणं तेवढं जड जात नाही. ती दर वेळी येतेच असं नाही. तिलाही घर आहे.

आता थोडं अंगणवाडीवाली म्हणून बोलते. "देवाचं नाव घेतलं तरी अंगात जीव नाही" असं बाई म्हणाली, की मी आधी तिला उपकेंद्रात रक्त तपासायला पाठवते. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल, गरोदर असेल तर 11 च्या खाली, तर तो रक्तक्षय. तो नामस्मरणानं भरून निघत नाही. तपासून घ्या, दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमानं घ्या, आणि चहासोबत मुळीच नको. चहानं लोह अंगी लागत नाही. हरिपाठ गोळीच्या आधी म्हणा की नंतर, तुमची मर्जी.