उचल घेण्याआधी बोला

जिल्ह्याचं करिअर मार्गदर्शनाचं धोरण लिहायला बसलं की पहिल्या पानावर हमखास कलचाचणी येते. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली, पुढे महाकरिअर पोर्टल आलं. दोन्हींना नावं ठेवायचं कारण नाही. पण बीडमधल्या धारूर-वडवणीकडच्या ज्या घरातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता बाहेर पडतो, तिथं पोराचा कल हा तिसरा-चौथा प्रश्न. पहिला प्रश्न उचलीचा, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशाचा.

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल बहुतेक पावसाळ्यात घरात येते आणि दहावीचा निकाल लागतो मे-जूनच्या सुमाराला. मधे जेमतेम काही आठवडे. तेवढ्यात आयटीआयचा नाहीतर अकरावीचा अर्ज गेला नसेल, तर उचलीच्या हिशेबात पोरगा अर्धा कोयता म्हणून धरला जातो. पोरगी असेल तर 'हिला मागं कुणापाशी ठेवायची' या प्रश्नाला लग्न हेच उत्तर निघतं. आपले करिअर मेळावे मात्र जानेवारीत, आई-बाप सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या फडात असताना. खुर्च्या भरतात, फोटो निघतात, आणि ज्यानं निर्णय घ्यायचा तो तिथं नसतोच.

तेव्हा धोरणात आधी कॅलेंडर लिहा. नववीच्या पालकांशी पहिली बैठक ऑगस्टात. दुसरी टोळ्या परतल्यावर, पाडव्याच्या पुढं-मागं, आणि तीही शाळेत नको. तांड्यावर, वस्तीवर, संध्याकाळी सातनंतर. सगळ्यात मोठी फट निकालाच्या आठवड्यात आहे. तेव्हा शाळेला उन्हाळी सुट्टी असते, गुरुजी गावाला गेलेले असतात आणि पोरगं गुणपत्रिका घेऊन नेट कॅफेत उभं असतं. कॅफेवाला जो पर्याय आधी टिचकवील तेच त्याचं करिअर. शाळांच्या दर केंद्रात (समूहात) दोन शिक्षकांना या पंधरवड्यापुरतं कामावर ठेवा आणि बदली रजा द्या. लेखी आदेश नसेल तर कुणी थांबणार नाही.

कागदपत्रांचं काम नववीतच सुरू व्हायला हवं. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. पुराव्याची मानीव तारीख, म्हणजे ज्या तारखेआधीचा पुरावा लागतो ती, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. आता तांड्यावरचा आजोबा शाळेची पायरीच चढला नसेल, तर 1961 च्या आधीचा शाळेचा निर्गम (शाळा सोडल्याचा) उतारा कुठून आणणार? त्यात मराठवाडा निजामाच्या राज्यात, जुन्या नोंदी उर्दूत नाहीतर मोडीत. वाचणारा शोधा, भाषांतर करून घ्या. सख्ख्या चुलत्याचं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम बरंच सोपं होतं, म्हणून वंशावळ मांडतानाच ते विचारायचं. दुसरी फसगत नावाची: आधारवर 'राठोड विष्णू', शाळेत 'विष्णु धनू राठोड', दाखल्यावर तिसरंच. ही दुरुस्ती शाळा सोडण्याआधी सोपी, नंतर महिने खाते. नॉन-क्रिमीलेयरची (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्राची) मुदत 31 मार्चला संपते, आणि प्रवेश असतात जूनपासून पुढं. सरसकट 'सगळी कागदं काढून ठेवा' असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

पैशाचं बोलणं एका कागदावर व्हावं. फी, एसटीचा पास, खोली, डबा, वह्या-हत्यारं. समोर शिष्यवृत्ती किती आणि कोणत्या महिन्यात मिळते. हा शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. शिष्यवृत्ती उशिरा येते, पोरगं दिवाळीलाच घरी परततं. शिवाय महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा पैसा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात पडतो, आणि ते कोणतं हे कित्येकदा घरात कुणालाच ठाऊक नसतं. 2024-25 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे खरी, पण प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी गेली.

आयटीआय सुचवताना ट्रेडच्या आधी अंतर बघा. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. सकाळची पहिली गाडी दहाला पोचवत असेल तर फिटर काय नि इलेक्ट्रिशियन काय. (लातूरच्या शिकवण्यांच्या, म्हणजे लातूर पॅटर्नच्या, दबदब्यापायी आपल्याकडं 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा सोडून दुसऱ्या वाटेचं नाव घेणं म्हणजे पोराला कमी लेखणं, असं वाटतं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा टूल-डायचा (हत्यारं-साचे बनवण्याचा) डिप्लोमा दहावीनंतर करता येतो, हे किती शाळांच्या फळ्यावर असतं?)

दिव्यांग मुलांचं नाव आपल्या आराखड्यात एका ओळीत उरकतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव. पण यूडीआयडी कार्डासाठीची (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठीची) तपासणी जिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी होते. मंगळवारी गेलं आणि डॉक्टर बुधवारी बसतात, अशी रोजंदारी बुडाली की दुसऱ्यांदा कुणी जात नाही. वार आधी विचारून ठेवा, गाडीभाडं धोरणाच्या तरतुदीत टाका.

यश मोजायचं ते डिसेंबरात. मेळाव्याची हजेरी नको. दहावी झालेल्या प्रत्येकाला फोन करून एकच विचारा: आज कुठं आहेस? मुलगी, तांडा, दिव्यांग, ऊसतोड असे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर तालुक्याची सरासरी सगळं झाकून टाकते. आणि फोन लागला नाही तर त्या रकान्यात 'माहिती नाही' लिहू नका, 'फडात' धरा आणि मुकादमाचा नंबर शोधा.